जुनी जिप्सी घेताय? आधी खाली वाकून बघा

पाऊस लागला की ह्या सदरात एकच विषय येतो, जुनी फोर बाय फोर, म्हणजे गरजेला चारही चाकं ओढणारी गाडी. ह्या खेपेला खानापूर, निपाणी, चिकोडी, बेळगाव सगळीकडनं प्रश्न आलेत. बरेच सारखेच होते म्हणून निवडक घेतलेत. पहिलं उत्तर लांबलंय, कारण बाकीच्यांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न: दादा, आमचं काजूचं रान जांबोटीच्या पुढं आहे, शेवटचा दोन-तीन किलोमीटरचा रस्ता म्हणजे नुसता राडा, पावसात बाईकपण घसरते. एक मारुतीची जिप्सी किंग बघून आलोय, २००७ ची, एमपीएफआय म्हणजे इंजेक्टरवाली, एमएच ०९ पासिंग, कलर नवीन मारलाय, चाकं मोठी घातल्यात, साडेतीन लाख म्हणतोय. स्टार्ट केली तर इंजिनचा आवाज एकदम क्लीन. वडील म्हणतात असली जुनी गाडी नको, भरवसा नाही, वाटेत बसायची. काय करू?
– एक वाचक, जांबोटी भाग

उत्तर: भावा, जिप्सी भरवशाची गाडी आहे ह्यात वादच नाही, खरं तू बघून आलेली जिप्सी भरवशाची आहे का हे तुझ्या पत्रावरनं काही कळत नाही, कारण तू लिहिलंयस ते सगळं वरचं. कलर, चाकं, इंजिनचा आवाज. विकणाऱ्याला जे दाखवायचं होतं तेच तू बघून आलास. आपल्या भागात असली गाडी खालनं वर बघायची असते.

इंजिनचं आधी सांगून टाकतो म्हणजे डोक्यातनं जाईल. जिप्सी १९८५ च्या डिसेंबरात आली तेव्हा ९७० सीसीचं इंजिन होतं, १९९६ ला १३०० सीसीची किंग आली, आणि २००० पासनं १६ वाल्वचं एमपीएफआय इंजिन, ८० हॉर्सपॉवरचं. तेच इंजिन मारुतीच्याच एस्टीममध्येपण होतं, त्यामुळं गाडी २०१९ ला बंद झाली तरी इंजिनचे पार्ट अजून मिळतात आणि हे इंजिन खोललेला मिस्त्री बेळगावात पण आहे आणि कोल्हापुरात पण. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करून देणारे आहेत. म्हणजे इंजिन गेलं तर खर्च आहे, खरं तो खर्च आधी विचारून कागदावर मांडता येतो. चॅसिस म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा सडलेला निघाला तर तो खर्च कुठं थांबेल कुणीच सांगू शकत नाही, आणि वेल्डिंग करून करून शेवटी गाडी भंगारातच जाते. म्हणून आधी चॅसिस, मग फोर व्हील, मग कागद, आणि सगळ्यात शेवटी इंजिन. लोक नेमकं उलटं करतात.

आता चॅसिस कशी बघायची. नवीन कलर मारलाय म्हणतोस, तर मी तिथंच सावध झालो असतो. खाली झोपून बघ, चॅसिसला पण ताजा काळा कलर किंवा डांबरासारखं जाड कोटिंग मारलंय का. मारलं असेल तर का मारलं ते विचार आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं टक-टक करत पुढनं मागपर्यंत जा, चांगला लोखंडाचा आवाज खणखणीत येतो आणि सडलेल्या जागी आवाज बसका येतो, कधी कधी तर पापुद्रे खाली पडतात. मागच्या पाट्यांचे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगचे शॅकल जिथं चॅसिसला धरलेत ती जागा, बॉडी जिथं चॅसिसवर बसते ते रबराचे माउंट, आणि पुढं पायाखालचा पत्रा, ह्या तीन ठिकाणी जास्त वेळ घालव. आतलं मॅटिंग उचलायला लाव, मालक का-कू करायला लागला तर तेच उत्तर समज. काचेच्या फ्रेमचा खालचा भाग आणि मागच्या दाराचा तळ पण बघ, जिप्सी तिथं हमखास सडते. पत्र्यावर लांबी (पुट्टी) किती भरलीय ते बघायला साधं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरव, जिथं चिकटत नाही तिथं कलरच्या खाली पत्रा कमी आणि लांबी जास्त.

आणि एक विचार, गाडी एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर पासिंग आहे, खरं ती राहिली कुठं? पासिंग कोल्हापूरचं आणि गाडी दहा वर्षं मालवण-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत, असं पण असतं. सर्व्हिसची जुनी बिलं असतील तर त्यावर गावाचं नाव सापडतं. आपल्याकडे समुद्र नाही म्हणून गंज लागत नाही असं पण समजू नको, कणकुंबी आणि आमगाव कर्नाटकातल्या जास्तीत जास्त पावसाच्या ठिकाणांत मोजतात, आणि आपली लाल माती चॅसिसच्या पोकळीत जाऊन बसली की उन्हाळ्यापर्यंत ओल धरून राहते. तू घेतल्यावर सुद्धा दर पावसाळ्याच्या शेवटी खालनं प्रेशरनं धुवून घ्यावी लागणार.

आता फोर व्हील. "फोर व्हील चालू आहे" म्हणजे लिव्हर पडतो एवढंच बरेच जण दाखवतात. लिव्हर पडला म्हणजे पुढची चाकं ओढतात असं नाही. मागच्या दोन्ही चाकांना दगड लाव, इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये ठेव, पुढचं एकच चाक जॅकवर उचल, ते टू व्हीलमध्ये हातानं फिरलं पाहिजे. मग फोर व्हील टाक, पुढच्या चाकाला हातानं फिरवायचे हब लॉक बसवले असतील तर ते पण लॉक कर, आणि परत फिरवून बघ. आता थोडंसं हलून अडकायला पाहिजे. गरागरा फिरलं तर पुढचा अ‍ॅक्सल नावाला आहे. हे करायला काही खर्च नाही, खरं हे करून बघितलेला गिऱ्हाईक क्वचित.

ते झालं की मोकळ्या रानात घेऊन जा, डांबरावर नको. जिप्सीच्या पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मधे डिफरन्शियल, म्हणजे चाकांना कमी-जास्त फिरू देणारा गिअरचा गोळा नसतो, त्यामुळं फोर व्हीलमध्ये डांबरावर वळवली की गाडी अडखळते आणि सगळा ताण गिअरवर आणि शाफ्टच्या क्रॉसवर येतो. ते बघून लोक म्हणतात गाडीत फॉल्ट आहे, फॉल्ट नाही, तशीच असते. रानात फोर व्हीलच्या हायमध्ये टाकून स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरव, दोन्ही बाजूला. पुढनं कट-कट-कट आवाज आला तर चाकाजवळचा जॉइंट संपलाय. मग गाडी थांबवून लोमध्ये, म्हणजे हळू आणि जास्त जोराच्या गिअरमध्ये टाक आणि चढावर पहिल्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर न देता सोड, जिप्सीनं मुंगीसारखं चढायला पाहिजे. उतारावर पाय काढला आणि लिव्हर आपोआप बाहेर उडाला तर ट्रान्स्फर केसचं, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचं काम आलं. जिप्सीत ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सला चिकटून नसते, वेगळी मागं रबरांवर टांगलेली असते. ती रबरं फाटली की पूर्ण गाडी थरथरते आणि मिस्त्री आधी गिअरबॉक्स खोलायला लावतो. रबरं स्वस्तातलं काम, गिअरबॉक्स महागातलं, म्हणून आधी खाली हात घालून ती रबरं हलवून बघ.

दोन्ही अ‍ॅक्सलमध्ये आपापलं डिफरन्शियल असतं, त्यांचं ऑईल बघायचं विसरू नको. हौजिंगचा वरचा बोल्ट खोलून बोट बुडव. काळपट असलं तर चालतं, चहाच्या रंगाचं दुधाळ निघालं तर आत पाणी शिरलंय, म्हणजे गाडी ओढ्यातनं फिरवली आणि नंतर ऑईल बदललं नाही. पुढच्या चाकाच्या मागं जो गोळा असतो त्याच्यावर पातळ ऑईल ओघळलेलं दिसलं तर आतलं सील गेलंय, डिफरन्शियलचं ऑईल तिथल्या ग्रीसमध्ये मिसळतंय.

मोठ्या चाकांचं. दिसायला भारी दिसतात, मान्य, खरं बेरिंग, किंगपिन (ज्याच्यावर पुढचं चाक वळतं ती पिन), स्टिअरिंग सगळ्यावर जास्तीचा लोड येतो आणि पिकअप पडतो. शिवाय मोठ्या चाकावर मीटर खरं चाललेल्यापेक्षा कमी किलोमीटर दाखवतं. पन्नास-साठच्या स्पीडला खड्ड्यातनं गेल्यावर स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं तरी थाडथाड हलायला लागलं तर किंगपिनचे बेरिंग बघ, नुसतं अलाइनमेंट करून ते जात नाही. चाक वर उचलून वर-खाली धरून हलव, प्ले लागला की समजतंय. चारही टायर एका साइझचे पाहिजेत, फोर व्हीलच्या गाडीत पुढं एक आणि मागं एक चालत नाही.

मग इंजिन. सकाळी न सांगता जा, म्हणजे इंजिन थंड सापडेल. आधीच गरम करून ठेवलेली गाडी कुणाचीही छान स्टार्ट होते. स्टार्ट केल्यावर पाच मिनिटं आयडलला सोड आणि मग एकदम रेस दे, मागनं निळा धूर आला तर ऑईल जळतंय. ऑईलचं झाकण काढून बघ, आत पांढरी साय दिसली तर लगेच घाबरू नको, पावसाळ्यात जवळ-जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ओल धरून थोडी साय येते, खरं रेडिएटरमध्येपण तेलकट तवंग असेल तर हेड गॅस्केटचा विषय आहे. हेड अल्युमिनियमचं असतं, एकदा गाडी तापवून चालवली की वाकतं. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते मालकाला सांगता आलं नाही तर घेतल्या-घेतल्या बदलून टाकायचा, तो खर्च आत्ताच भावात धर.

आता कागद, आणि तुझ्या गाडीत खरी अडचण मला इथं दिसते. २००७ ची गाडी म्हणजे पहिली १५ वर्षं २०२२ ला संपली. त्यानंतर रजिस्ट्रेशन रिन्यू केलं असेल तर ते ५ वर्षांसाठी असतं, म्हणजे २०२७ ला परत रांगेत उभं राहायचं. आरसीवर तारीख बघ. रिन्यू केलेलंच नसेल तर साडेतीन लाखांचा विषय तिथंच संपला, आधी त्यानं त्याच्या नावावर आणि त्याच्या खर्चानं फिटनेस करून द्यायची. रिन्यूची फी २०२२ च्या एप्रिलपासनं कारला ५००० झाली आणि २० वर्षांवरच्या गाड्यांना २०२५ मध्ये अजून वाढवून १०,००० केली, म्हणजे ही गाडी पुढच्या खेपेला त्या हिशोबात येणार.

त्यातनं गाडी महाराष्ट्राची आणि तू कर्नाटकातला. आपल्या सीमाभागात हे रोजचं आहे, एक घर चंदगडात, एक घर बेळगावात, गाडी एमएचची आणि फिरते केएमध्ये. कायदा सांगतो की दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली तर तिथलं पासिंग करून घ्यायला पाहिजे. त्यासाठी कोल्हापूर आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, ट्रान्स्फरचे फॉर्म २९ आणि ३०, बँकेचं लोन असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. मग इथं लाईफ टॅक्स. कर्नाटकाचा रोड टॅक्स देशातल्या महागड्यांपैकी आहे, जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो खरं शून्य होत नाही. सौदा ठरवायच्या आधी बेळगाव आरटीओत जाऊन ह्या गाडीला किती बसेल ते विचारून ये, एजंटला विचारलास तर त्याचे धरून सांगेल. महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, खरं त्याला फेऱ्या माराव्या लागतात. परिवहनच्या अ‍ॅपवर नंबर टाकून फिटनेस, इन्शुरन्स, लोन आणि चलन पण बघून घे. चॅसिसवरचा नंबर आरसीशी स्वतः ताडून बघ, घासल्यासारखा, परत ठोकल्यासारखा दिसला तर एक रुपया सुद्धा देऊ नको.

माझं मत विचारशील तर चॅसिस चांगली निघाली, रिन्यू झालेली असली आणि एनओसी त्यानं काढून द्यायची कबूल केली तर तुझ्या वाटेला ह्याच्याइतकी हलकी आणि साधी गाडी दुसरी नाही. एसी नाही, पाट्यांमुळं पाठ बोलते, अ‍ॅव्हरेज दहा-बाराच्या वर धरू नको, ते आधीच मान्य करून घे. जेवढ्याला ठरेल त्याचा पाचवा हिस्सा वेगळा काढून ठेव, पहिल्या वर्षात लागतोच. आणि वडिलांना बघायला सोबत घेऊन जा. गाडीवर ज्याचा जीव बसलेला नसतो त्याला गंज लवकर दिसतो.

प्रश्न: निपाणीजवळ एकाकडे मिलिटरी डिस्पोजलची जिप्सी आहे, हिरवी, अजून नंबर पडलेला नाही. म्हणतो मिलिटरीत मेंटेनन्स कडक असतो, डोळे झाकून घ्या. निम्म्या किमतीत मिळतेय. शेतातच चालवायची तर नंबर कशाला पाहिजे असं पण म्हणाला.
– ऊस शेतकरी, निपाणी

उत्तर: बेळगाव म्हणजे मराठा लाईट इन्फंट्रीचं गाव, इथं मिलिटरी म्हटलं की माणूस निम्मा विश्वास तिथंच टाकतो. मेंटेनन्स चांगला असतो हे खरं. आणि गाडी लष्करानं लिलावात काढली म्हणजे त्यांच्या हिशोबात तिचं काम संपलं, हे पण तितकंच खरं. लिलावात घेणारा दुरुस्त करून विकतो, त्यामुळं ती चांगली आहे की नुसती हिरवी आहे हे वरच्या उत्तरात सांगितलंय तसंच बघायचं, वर्दी बघून सूट द्यायची नाही.

कागदाचं मात्र वेगळं आहे. असल्या गाडीला आधीची आरसी नसते, लष्कराकडनं मिळालेलं विक्रीचं ओरिजिनल सर्टिफिकेट लागतं, तो फॉर्म २१, आणि त्यावर गाडीचं सिव्हिल रजिस्ट्रेशन होतं. तो कागद कुणाच्या नावावर आहे ते बघा. तीन हात बदललेली आणि कागद पहिल्याच्याच नावावर, असं असेल तर तुम्ही गाडी घेत नाही आहात, लफडं घेताय. त्याला सांगा, नंबर पाडून आरसी तुझ्या नावावर कर, मग मी ट्रान्स्फर करून घेतो, पाहिजे तर थोडे जास्त देतो. जमत नाही म्हणाला की समजायचं का जमत नाही.

"शेतातच चालवायची" ह्यावर मी हसलो. तुमचं शेत आणि पेट्रोल पंप ह्यांच्या मधे सरकारी रस्ता लागत नाही का? त्या पाचशे मीटरात बिननंबरची, बिनइन्शुरन्सची गाडी कुणाच्या तरी सायकलला लागली तर सगळी भरपाई तुमच्या खिशातनं. निम्मी किंमत का आहे ते कळलं असेलच.

प्रश्न: दादा, मिस्टरांच्या डोक्यात महिंद्राची थार बसलीय. गेल्या रविवारी एक बघितली, २०२३ ची, डिझेल, फार कमी चाललेली, भाव पण बाकीच्या थारपेक्षा दीड-दोन लाखांनी कमी. ते म्हणतात लॉटरी लागली. मला गाडीतलं काही कळत नाही, पण एवढी स्वस्त का हे मला कळेना.
– एक शिक्षिका, खानापूर

उत्तर: ताई, तुम्हाला गाडीतलं सगळ्यात महत्त्वाचं कळतंय. परत बघायला गेलात की गिअरच्या लिव्हरशेजारी दुसरा छोटा लिव्हर आहे का तेवढं बघा. नसेल तर ती मागच्याच चाकांनी चालणारी थार आहे. २०२३ च्या जानेवारीत १५०० सीसी डिझेलची ही स्वस्त थार आली, बाहेरनं दिसायला जवळपास तशीच. २०२० ला आलेल्या फोर बाय फोरला डिझेलमध्ये २२०० सीसीचं इंजिन आहे, आरसीवर सीसी लिहिलेली असते, तिथं पण कळेल. विकणारा खोटं बोलत असेल असं नाही, मिस्टरांनी विचारलंच नसेल.

खानापूर ते बेळगाव आणि सुट्टीत चोर्ला घाटानं गोवा एवढंच फिरायचं असेल तर ती गाडी अजिबात वाईट नाही, घ्या खुशाल, खरं "फोर बाय फोर घेतली" म्हणून घ्यायची नाही. चिखलात अडकली की ती साध्या गाडीसारखीच अडकते, फक्त बघायला गर्दी जास्त होते. आणि फोर बाय फोर मिळालीच तरी भीमगडच्या जंगलात घालायची नाही हे पण आत्ताच सांगून ठेवा, ते अभयारण्य आहे.

प्रश्न: गोव्याची एक ओपन थार मिळतेय, २०१७ ची सीआरडीई डिझेल, भाव मस्त. आधी रेंटला होती म्हणतात. आम्ही चार मित्र मिळून घेणार आहोत.
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, बेळगाव

उत्तर: काळ्या पाटीवर पिवळा नंबर होता का? ती भाड्यानं स्वतः चालवायला देण्याची गाडी. ती कमर्शियल असते, आधी प्रायव्हेटमध्ये बदलून घ्यावी लागते, मग एनओसी, मग इथला टॅक्स. ते सगळं मालकाकडनं करून घ्या.

गाडीचं म्हणाल तर रोज नवा ड्रायव्हर, आणि त्यातल्या निम्म्यांना फोर व्हील कधी टाकायची हेच माहीत नाही, डांबरावर टाकून फिरवलेली. शिवाय बीचवरची वाळू आणि खारं पाणी. अशा गाडीत क्लच आणि ट्रान्स्फर केस संपलेली असली तरी मला नवल वाटणार नाही, खरं त्यापेक्षा जास्त भीती गंजाची. सीटच्या नटांना, सीट बेल्टच्या बोल्टला, वायरिंगच्या सॉकेटला हिरवट-पांढरी पावडर बसलीय का बघा. खाऱ्या हवेनं वायरिंग खाल्लं की सीआरडीईसारख्या सेन्सरवाल्या इंजिनात रोज नवा लाईट पेटतो आणि तो शोधायला मिस्त्री पण कंटाळतो. कुळेंहून दूधसागरला जाणाऱ्या जीपा असतात, त्यातली एखादी विकायला आली तर तिचं पण हेच, रोज नदी ओलांडलेली असते, डिफरन्शियलचं ऑईल आधी बघायचं.

चौघांनी मिळून घेण्याबद्दल काही बोलत नाही. आरसीवर नाव एकाचंच येतं आणि चलन पण त्यालाच.

प्रश्न: मारुतीची जिम्नी सेकंडहँड घ्यावी का नवीन? दीड वर्ष वापरलेली आहे, मालक नवीन किमतीपेक्षा दोनच लाख कमी म्हणतो.
– किराणा दुकानदार, चिकोडी

उत्तर: आधी ठरवा "नवीन किंमत" म्हणजे कुठली. जिम्नी २०२३ च्या जूनमध्ये १२.७४ लाखांपासनं आली आणि त्यानंतर लवकरच तिच्यावर मोठे डिस्काउंट मिळायला लागले, २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी बदलल्यावर किंमत अजून उतरली. मालकानं घेतलेल्या दिवसाची किंमत धरून तुम्हाला काय करायचंय. शोरूममध्ये जाऊन आज हातात किती पडते ते लिहून घ्या, आणि त्यातनं कमी करायला लागा. तसं केलं की तुमचे दोन लाख बहुतेक एकच निघतात, आणि मग तुम्हीच नवीन घ्याल.

गाडी म्हणून चांगली आहे, चॅसिसवर बसलेली, पाट्याऐवजी स्प्रिंग, जमिनीपासनं २१० मिलीमीटर, आणि इंजिन मारुतीच्या बाकीच्या गाड्यांत आलेलं असल्यामुळं पार्टची काळजी नाही. एवढ्या नव्या गाडीत मी इंजिन बघणारच नाही. खालनं ओरखडे किती आहेत, सायलेन्सर आणि डिफरन्शियलचं हौजिंग दगडाला लागलंय का, कंपनीच्या सर्व्हिसचा रेकॉर्ड पूर्ण आहे का, एवढंच. गाडी उचलून मोठी चाकं घातलेली असतील तर वॉरंटीचं आधी विचारा.

प्रश्न: जुन्या जिप्सीत डिझेल इंजिन बसवलेलं मिळतंय, अ‍ॅव्हरेज चांगलं देते. घ्यावी का?
– एक वाचक, उचगाव

उत्तर: आरसीवर इंधन "डिझेल" आणि इंजिन नंबर बदललेला आहे का? असेल तर बघायला जा. नसेल तर नको. गाडी कंपनीनं जशी दिली तिच्यात असला बदल परवानगीशिवाय चालत नाही, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं पण तेच सांगितलंय. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल, मग अपघात झाला की इन्शुरन्सवाला पहिल्यांदा बॉनेटच उघडणार. हरियाणातल्या डबवालीकडनं येणाऱ्या चकाचक मॉडिफाय जीपांबद्दल पण तिघांनी विचारलंय, त्यांना हेच उत्तर.

प्रश्न: कार्बोरेटरच्या जिप्सीला आता पंपावर मिळणारं ई-२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल चालतं का?
– एक वाचक, येळ्ळूर

उत्तर: चालवावं लागतं, दुसरं सहज मिळतंय कुठं. जुने रबरी पाईप आणि कार्बोरेटरचे गॅस्केट इथेनॉलला टिकत नाहीत, ते एकदा सगळे नवीन टाकून घ्या, पाईप फुटून गरम इंजिनवर पेट्रोल गळण्यापेक्षा ते स्वस्त. आणि इथेनॉल ओल ओढतं, त्यामुळं गाडी पावसाळाभर गोठ्यात उभी करणार असाल तर टाकीत जुनं पेट्रोल तसंच ठेवू नका, आठवड्यातनं एकदा फिरवा.

प्रश्न: गाडी तपासायला मिस्त्री नेला तर तो दिवसाचे पैसे मागतो. नुसतं बघायचे पैसे द्यायचे का?
– एक वाचक, कडोली

उत्तर: द्या. फुकट आलेला मिस्त्री दुपारपर्यंत विकणाऱ्याचा चहा पितो आणि "घ्या की, चांगली आहे" म्हणतो. मालकानं सुचवलेला मिस्त्री नको, आणि गाडी ज्या गॅरेजला जात होती तिथला तर नकोच. शक्यतो ज्यानं जिप्सी-थारची कामं केलीत असाच बघा, नुसता कारवाला फोर व्हीलच्या भानगडीत पडत नाही. जाताना जॅक, टॉर्च, लोहचुंबक आणि खाली झोपायला एक पोतं घेऊन जा, आणि गाडी आदल्या दिवशी धुवून ठेवू नका म्हणून मालकाला फोन करून सांगा, ऑईल कुठनं गळतंय ते मळलेल्या गाडीवरच दिसतं.